पाना देवापुढं अन् बोल्ट ढिल्ले

नाय पण तुम्हीच सांगा, पान्यात देव असतो का? असतो, असतो, मी कुठं नाय म्हणतोय, खंडेनवमीला लोखंडात देव येतो हे मला बी ठाऊक हाय, माझा बाप पुजायचा, त्याचा बाप पुजायचा, पण त्यांच्या टायमाला लोखंड म्हंजी काय, तर विळा, खुरपं, कुदळ, पहार... संपलं! त्यांच्याकडं दहा-अकराचा पाना नव्हता अन् त्यांच्या सायकलीला इंजन नव्हतं! माझ्याकडं दोन्ही हाय. म्हंजी होतं. म्हंजी पाना होता, पण तो देवापुढं, अन् इंजन होतं, ते सायकलीवर, अन् मधे ती मागची चक्री, अन् तुम्हाला सांगतो, चक्रीचे सगळेच्या सगळे बोल्ट ढिल्ले!

थांबा. घाई नका करू. मी बी करत नाय. पहिल्यापासून सांगतो.

मी नाथा. मातोरीच्या अंगाला वाडी हाय आमची, थोडा झेंडू, थोडी कोथिंबीर, शेपू, असलं काय काय. माल नाशकात न्यायचा तो सायकलीवर, आयुष्य गेलं त्याच्यात, पण आता गुडघा असा झालाय की प्याडल मारलं की आधी तो वाजतो, मंग चाक फिरतं. तर आमचा पोरगा समाधान, अंबडला कंपनीत हाय, तो एक दिवस गवत कापायच्या मशीनचं जुनं इंजन घेऊन आला. म्हणला, "आबा, हे तुमच्या सायकलीला बसवू." म्हणलं, बसव बाबा, मी काय, मी तर बसूनच असतो. त्यानं ते बसवलं अन् चालू केलं... अहो, काय ताकद! सायकल स्टँडवर उभी, चाकाला चेन जोडलेली बी नाय, तरी सायकल थरथरत थरथरत पाण्याच्या टाकीपर्यंत आपली आपण गेली! कोंबड्या अजून त्या अंगाला फिरकत नायत.

मंग आली चक्री. चक्री म्हंजी मोपेडची जुनी दातेरी चकती हो, ताटलीएवढी. ती सायकलीच्या मागच्या चाकाला डाव्या अंगानं बसवायची, मंग इंजनची चेन तिच्यावर चढवायची. पण बसवायची कशाला? तर तारांना! चाकाच्या ह्या ज्या बारीक तारा असतात ना, त्यांनाच! आतून पत्र्याचे तुकडे, त्याच्यावर जुन्या टायरचं रबर, मंग तारा, मंग परत रबर, मंग चक्री, अन् ह्या सगळ्यातून आरपार बोल्ट. भाकरीत पिठलं घालून वरून दाबावं, तसं. सगळा जोर त्या दाबावर. समाधान मला म्हणला, "आबा, बोल्ट एकदम घट्ट पाहिजेत हां. ढिल्ले राहिले तर चक्री सरकल, सरकली की तारा कापल, तारा कापल्या की चाक बसल, अन् चाक बसलं की तुम्ही..."

म्हणलं, "मी काय?"

"तुम्ही उठणार नाय."

बापाशी बोलायची पद्धत का ही? पण त्याचं बरोबर होतं. अन् आवळायची बी एक रीत असती, एकच बोल्ट धरून पिळला तर चक्री एका अंगाला वाकडी बसती, मंग चाक फिरताना ती झोकांड्या खाती. म्हणून आधी सगळे हातानं बसवायचे, अन् मंग समोरासमोरचे घ्यायचे, थोडा हा, थोडा तो, परत हा, परत तो, खाटेची नवार ताणतात ना, तसं. निवांतपणानं. तर नवमीच्या आदल्या सांजेला मी सगळे बोल्ट हातानं बसवले, चेन चढवली, तेवढ्यात अंधारून आलं. म्हणलं, जाऊ दे, घाई कशाला, सकाळी पान्यानं आवळू.

हे सकाळी आवळू म्हणलो ना, तिथंच घोडं पेंड खाऊन बसलं.

सकाळी आधी झेंडू तोडायचा. ऊन चढल्यावर तोडलेलं फूल टिकत नाय. समाधान पहिल्या पाळीला गेला, गाडी घेऊन. मी अन् दोन बायका वाफ्यात. गोण्या भरल्या, बांधल्या, घामाघूम होऊन दारात आलो अन् म्हणलं, चला आता बोल्ट आवळू, निघू... अन् बघतो तर ओट्यावर पाट मांडलेला! पाटावर विळा, कोयता, खुरपी, कुऱ्हाड, अन् त्यांच्या मधोमध माझे पाने! पक्कड! हातोडी! पेचकस! सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांवर झेंडू, अन् दहा-अकराच्या पान्याला तर कौतुकानं दोरा गुंडाळून छोटासा हार! लग्नात मला घातला होता त्याच्यापेक्षा बरा!

मी हळूच म्हणलं, "नवसा, तेवढा दहा-अकराचा दे बरं."

आमची नवसाबाई आतनं ओरडली, "हात लावू नका!"

"मी कुठं लावतोय? तू दे."

"मी बी नाय लावणार. पुजलंय ते. आज लोखंड हलवायचं नसतं. उद्या दसऱ्याला सकाळी पूजा उचलली की मंग घ्या."

"अगं, बोल्ट आवळायचेत!"

"मंग काल काय करत होते?"

आता ह्याला काय उत्तर हाय का? तुम्ही द्या.  मी म्हणलं, बरं, सायकल बी पुजली का? तर म्हणती, "ती कशी पुजू? ती अर्धवट हाय. अर्धवट वस्तू देवाला चालती का?" म्हंजी बघा! सायकल मोकळी अन् पाना अडकला! जायला हरकत नाय, फक्त जिवंत पोचायचं साधन देवापुढं! म्हणलं, दोन मिनटं उचलू, देवाची माफी मागू, परत ठेवू. तर नवसा कमरेवर हात ठेवून म्हणती, "धोंडाबाईच्या सासऱ्यानं नवमीला कुऱ्हाड उचलली होती."

म्हणलं, "मंग? काय झालं?"

"काय झालं म्हंजी? वर्षभर त्याचं एक लाकूड नीट फुटलं नाय!"

अन् इकडं खिशात फोन वाजतोय. छाया! माझी लेक, पंचवटीत दिलीय. ती दरवर्षी नवमीला निमाणी स्टँडच्या कोपऱ्यावर पोतं अंथरून झेंडू विकती. आता त्या कोपऱ्याची गंमत तुम्हाला ठाऊक नसंल, तिथं जागा मिळवायची म्हंजी आदल्या दिवशीपासून दगड ठेवायचा, दगडाशेजारी माणूस ठेवायचा, अन् तरी बी माल संपून पोतं रिकामं दिसलं, की शेजारची बाई बसल्या बसल्या सरकती. एकदा सरकली की गेली जागा, दसऱ्याची बी गेली अन् दिवाळीची बी गेली. अन् छायाकडचा सकाळचा माल संपत आलेला.

"आबा, निघाले का?"

"निघालोच बाळा."

"कुठपर्यंत आले?"

"दारापर्यंत."

"आबा! ही शेवंतीवाली माझ्या पोत्यावर पाय ठेवून बसलीय! या ना लवकर!"

आता तुम्ही म्हणाल, टेम्पोनं न्यायचा होता. टेम्पो पहाटेच भरून गेला. एसटीत न्यायचा होता. नवमीच्या एसटीत माणसाला पाय ठेवायला जागा नाय, गोण्या काय टपावर उभ्या करू? राहिली ही सायकल. दोन गोण्या कॅरेजच्या दोन अंगांना, एक वर आडवी, अन् मी तिला हातानं ढकलत निघालो. म्हणलं, गावात कोंडाजीचं गॅरेज हाय, तिथं एक मिनटात आवळून घेऊ. गावात काय पान्यांचा दुष्काळ पडलाय का?

पडला होता!

कोंडाजीच्या गॅरेजात रांगोळी. पेपर अंथरलेला, त्याच्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं, उदबत्ती लावलेली, अन् कोंडाजी स्वतः अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, खुर्चीवर. त्याचे हात मी जन्मात पहिल्यांदा स्वच्छ बघितले, क्षणभर ओळखूच आला नाय. म्हणलं, "कोंडाजी, बाबा, चक्रीचे बोल्ट ढिल्ले हायत, तेवढा दहा-अकराचा..."

"काका, आज नाय."

"अरे, मी आवळतो. तू फक्त तिकडं बघ."

"मी तिकडं बघंन काका, पण वरचा बघतोय ना! आज मी हवा बी मारत नाय. कंप्रेसर पुजलाय." अन् वर मला प्रसादाचं खोबरं दिलं. खोबऱ्यानं बोल्ट आवळतात का?

परत फोन. "आबा, कुठं आले?" म्हणलं, गॅरेजात. "गॅरेजात कशाला?" म्हणलं, प्रसादाला. तिनं फोन कापला.

मंग मला निजामभाई आठवला. आमच्या शेजारचंच घर, अन् फाट्यावर त्याचं गेट-ग्रिलचं दुकान. म्हणलं, वा रे नाथा, तुझं डोकं, ह्याला कुठली खंडेनवमी! त्याच्याकडं पाने म्हंजी ढिगानं! ढकलत ढकलत, गोण्या सावरत फाट्यावर गेलो, लांबूनच हाक मारली, "निजामभाई, दहा-अकराचा पाना काढ!" तर तो दुकानाच्या पायरीवर रिकामा बसलेला, बिडी बी नाय हातात, म्हणतो, "काका, कुठून काढू? सगळे पाने तर भाभीच घेऊन गेल्या ना सकाळी."

"कोण भाभी?"

"अपनी नवसाभाभी! दरसाल नेतात की. म्हणतात, शेजाऱ्याचं लोखंड उपाशी ठेवू नये. मी पण म्हणलं, घेऊन जा, बरकत येते. आज सुट्टी आपल्याला."

म्हंजी तो पाटावरचा, हार घातलेला पाना... तो माझा नव्हताच! एवढा चकचकीत, तो निजामचा होता! माझा त्याच्या खाली होता! मी घरचा पाना सोडून ज्याच्या पान्यासाठी एवढं ढकलत आलो, तो माझ्याच ओट्यावर मजेत बसलेला! मी तिथंच खाली बसलो. निजाम म्हणला, माझी गाडी दिली असती, पण जावई घेऊन गेलाय येवल्याला. त्याची बायको मेहरुन्निसा त्याचा डबा घेऊन आली होती, दुकानात चहा ठेवत होती, ती सगळं ऐकत होती. ती हसली नाय, पण पदर तोंडाला लावला, तो काय उगाच लावला नसंल. मंग तिनं चहाचं पातेलं उतरवलं अन् हातातली सांडशी माझ्यापुढं धरली.

"ही घ्या काका. हिला कुणी पुजत नाय."

निजाम म्हणला, "अगं, सांडशीनं कुठं नट आवळतात का?"

"मग तुम्ही दाताने आवळा! बायकांच्या हत्याराला कुठं हार असतो? म्हणून तर मोकळं आहे."

आता सांगतो सांडशीचं. सांडशी नटाला धरती, मी नाय म्हणत नाय, पण तिला वाटतं हे पातेलं हाय. ती उचलायला बघती, फिरवायला नाय! मी धरायचो, निजाम चाक दाबायचा, जरा फिरला की सटकन निसटायची अन् माझी बोटं तारांत. थोडा हा, थोडा तो... दोन आवळले, तिसरा आवळेपर्यंत पहिला परत सैल! शेवटी निजाम हातानं चक्री हलवून बघतो, तर ती त्याच्याकडं मान हलवती. म्हणला, "काका, नका जाऊ."

अन् फोन! "आबा, पोतं रिकामं झालं. मीच त्याच्यावर बसलेय, म्हंजी ती सरकायची नाय. पण किती वेळ बसू? लोक मलाच विचारायला लागलेत, कसे दिले!"

काय करता? सांगा, काय केलं असतं तुम्ही? मी सांडशी कमरेला खोचली अन् निघालो.

आधी नुसतं प्याडल. पण वर गोण्या, खाली इंजनचं वजन, अन् गुडघा... पहिल्याच चढाला गुडघा म्हणला, मी उतरतो, तू हो पुढं. मंग म्हणलं, इंजन लावू, पण हळू, ह्यांडलवरची इंजनची मूठ अशी पिळायची की इंजनला बी कळू नये. लावलं. अन् काय सांगू, ती सायकल अशी उडाली की माझी टोपी मागं राहिली! अन् मागनं आवाज... टक्. म्हणलं, खडा असंल. टक्... टक्. म्हणलं, खडाच असंल, दुसरा असंल. मंग टक्-टक्-टक्-टक्, अन् मला कळलं, हे खडे नायत, हे बोल्ट हायत, अन् बोल्ट ढिल्ले!

थांबलो. सांडशी काढली, आवळले, निघालो. परत टक्. परत थांबलो. मागून गाड्या भोंगे वाजवत जातायत, एक जण ओरडला, "काका, सायकलवर स्वयंपाक करता का?" तुम्हाला सांगतो, माणूस मरायला निघाला तरी लोकांना सांडशी दिसती!

अन् मंग आला पाटाच्या पुलाचा उतार. मखमलाबादच्या अलीकडं कालव्याचा पाट हाय ना, त्याच्यावर तो अरुंद पूल, त्याच्या आधी उतार. उताराला इंजनची गरजच नाय, मी मूठ सोडली. सोडली हो, देवाशपथ सोडली! पण मूठ नवी, तिची वायर अडकली, मी सोडली तरी इंजन काय सोडीना. समोरून उसाचा ट्रॅक्टर, डाव्या अंगाला पाट, पाट भरून वाहतोय, पाठीमागं तीन गोण्या, ब्रेक दाबला तर ब्रेक म्हणतो मी सायकलीचा हाय, ह्या इंजनचा नाय! अन् मागं टक्-टक् बंद. एकदम बंद. ते बंद झालं ना, तेव्हा मी खरा घाबरलो. म्हणलं, आता काय बोलायचंच उरलं नाय वाटतं ह्याला... अन् कर्रर्रर्रर्र! चक्री सरकली! चेन ताठ झाली, तारा तडातड तुटायला लागल्या, चाक गच्च धरलं, इंजन बोंबलतंय अन् सायकल जाग्यावर आडवी. मी हवेत. खोटं नाय सांगत, हवेत असताना मला समाधानाचा चेहरा दिसला, तो म्हणत होता, मी सांगितलं होतं ना आबा.

पडलो तो वरच्या गोणीवर. गोणी फुटली. ट्रॅक्टरवाल्यानं कचकन ब्रेक दाबला, माझ्या पायापासून वीतभर अंतरावर ते भलंमोठं चाक थांबलं, इंजन आपोआप विझलं, अन् सगळीकडं असं शांत झालं की पाटाचं पाणी ऐकू यायला लागलं. अन् पुलावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा झेंडू. माणसं धावली. "काका! काका, लागलं का?" म्हणलं, नाय, हात-पाय हायत, गुडघा आधीच गेलेला. एकानं उठवलं, एकानं पाणी दिलं, एका बाईनं माझं कपाळ पुसलं, अन् पुसता पुसताच म्हणती:

"झेंडू ताजा दिसतोय. कसा दिला?"

मी म्हणलं, "अगं बाई, आता मेलो असतो मी!"

"हो ना, नशीब. मंग कसा दिला?"

अन् तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं मोटरसायकलवाला, त्याच्यामागं कारवाला. सगळे गावाकडं निघालेले, दसऱ्याची फुलं घ्यायची राहिलेली, शहरातल्या गर्दीत कोण घुसतंय! मी म्हणलं, तराजू नाय माझ्याकडं. म्हणले, ओंजळीनं द्या. म्हणलं, बरं, तुमची ओंजळ, देवाची मर्जी. तर एक पैलवान गडी आला, त्याची ओंजळ म्हंजी टोपलं! अन् तो म्हणतो, दोन द्या!

फोन वाजला. "आबा, आता कुठं?"

"पाटाच्या पुलावर."

"काय झालं? आवाज कसला येतोय?"

"गिऱ्हाईकाचा."

तिकडं तराजू उचलल्याचा खडखडाट झाला. मंग म्हणली, "हलू नका. मी आले." अन् आली हो, रिक्षातनं, मांडीवर तराजू घेऊन, डोळे लाल, उतरता उतरताच बोलायला लागली, "गेली आबा जागा! मी रिक्षात बसले अन् शेवंतीवालीनं पोत्यावर पाट मांडला! दिवाळीला आता मी बसू कुठं, तुमच्या..." अन् तिनं मला बघितलं, खरचटलेलं कोपर, फाटका सदरा.  माझं कोपर धरून त्याच्यावरची माती झटकली. मंग मागची रांग दिसली. डोळे पुसले, पदर खोचला, कठड्याला टेकून बसली अन् ओरडली, "ओंजळ बंद! वजनानं घ्या!"

दिवस मावळायच्या आत तिन्ही गोण्या रिकाम्या. एक पाकळी राहिली नाय. लोक परत जाताना विचारत होते, दिवाळीला इथंच असता ना? छाया म्हणली, इथंच. मी म्हणलं, मी इथं पडलो होतो हो, बसलो नव्हतो! ऐकतंय कोण?

घरी ढकलत आणली सायकल. चाक असलं आऊट झालं होतं की ते चालत नव्हतं, नाचत होतं. समाधान आधीच पाळीवरून आलेला, त्यानं चाक बघितलं, मला बघितलं, अन् नुसता आत जाऊन झोपला. आपल्याला बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याला सकाळी नवसानं पूजा उचलली. हळदीकुंकू पुसलं, निजामचा पाना निजामला, माझा मला. समाधाननं चाकात नव्या तारा भरल्या, चक्री परत लावली अन् दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला, "आबा, आवळा. आता, माझ्यासमोर. शेवटचा बोल्ट होईपर्यंत मी हलत नाय." म्हणलं, बरोबर हाय तुझं. बसलो. पाना लावला. थोडा हा, थोडा तो... काय सुख असतं हो, पाना नटाला कसा गच्च बसतो!

तेवढ्यात आमची नवसा आली, माझ्या बाजूला वाकली, समाधानला ऐकू जाणार नाय अशी हळूच म्हणली, "अवो, ऐकता का? लय घट्ट नका आवळू."

म्हणलं, "का गं?"

"दिवाळी आली ना जवळ. छायाला त्या पुलावरच बसायचंय. तुम्ही पडल्याबिगर गिऱ्हाईक थांबंल का?"

आता वर पोरगा उभा, तो म्हणतोय घट्ट. शेजारी बायको, ती म्हणती ढिल्ले. अन् मधे मी, हातात पाना. ह्या वयात कुणाशी वाकडं घेता?

निम्मे आवळले. निम्मे तसेच ठेवले.